झेंड्याचा खांब घ्यायचाय? परभणीच्या काळ्या मातीत पाइपपेक्षा पाया महत्त्वाचा, आणि त्याच्याही आधी वरची तार

परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत आणि ग्रामपंचायतींत वर्षातून चार वेळा ध्वजारोहण होतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर. मराठवाड्याबाहेरच्या महाराष्ट्रात यातला चौथा दिवस नसतो.

या चार तारखांकडे मातीच्या नजरेने पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. जानेवारी आणि मे महिन्यात इथली काळी माती कोरडी असते, मे महिन्यात तर तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये तीच माती पाणी पिऊन फुगलेली असते. झेंड्याचा खांब एकच, पण त्याच्या पायाखालची जमीन वर्षातून दोनदा रूप बदलते. म्हणूनच इथे सरळ उभा केलेला खांब दोन-तीन वर्षांत कलतो आणि दोष पाइपला दिला जातो.

शाळेसाठी, ग्रामपंचायतीसाठी, सोसायटीसाठी किंवा घरासाठी खांब घ्यायचा असेल तर काय पाहायचं? क्रमाने समजून घेऊ.

१७ सप्टेंबरचं ध्वजारोहण का?

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान भारतात सामील झालेलं नव्हतं, आणि तिरंगा फडकवणं हाच तिथे सत्याग्रह होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तोच दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे या चार तारखा चार वेगवेगळ्या आठवणींच्या आहेत. ज्या भागात झेंड्यासाठी माणसं तुरुंगात गेली, तिथे तो कशावर चढतोय हा प्रश्न किरकोळ नाही.

पहिलं काम: मान वर करून तार बघा

खांबाची चौकशी सहसा दुकानापासून सुरू होते. ती जागेपासून सुरू व्हायला हवी.

१८ ऑगस्ट २०१९ ला कर्नाटकातल्या कोप्पळमध्ये एका वसतिगृहाच्या गच्चीवर विद्यार्थी लोखंडी खांब काढत होते. स्वातंत्र्यदिनाच्या झेंड्यासाठी तो उभा केला होता. काढताना खांब शेजारून गेलेल्या विजेच्या तारेला लागला. एकाला धक्का बसला, बाकीचे त्याला सोडवायला धावले. पाच मुलं गेली.

तो दिवस ध्वजारोहणाचा नव्हता, तीन दिवस उलटून गेले होते, हे नीट लक्षात घ्यायला हवं. खांब उभा असताना तारेपासून लांब असतो, म्हणून जागा सुरक्षित वाटते. धोका असतो तो खांब उभा करताना, उतरवताना, किंवा वादळात तो पडताना. सहा मीटरचा पाइप दोघांच्या हातात तोल जाऊन कुठल्याही बाजूला झुकू शकतो.

त्यामुळे नियम सोपा ठेवावा. खांबाची जागा मध्यबिंदू धरा आणि खांबाच्या उंचीएवढा गोल मनात काढा. त्यात आणखी तीन मीटर मिळवा. या गोलात वरून कुठलीही वीजवाहिनी जात असेल, मग ती ११ केव्हीची असो की घराकडे जाणारी सर्व्हिस वायर, तर जागा बदला. जागा बदलता येत नसेल तर खांबाची उंची कमी करा. दोन्ही जमत नसेल तर महावितरणकडे लेखी अर्ज करून, पुरवठा बंद करून घेऊन, त्यांच्या माणसासमोरच काम करा. वीजपुरवठ्याच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

गच्चीवर खांब लावणाऱ्यांनी दुप्पट सावध राहावं. जमिनीवरून उंच वाटणारी तार गच्चीवरून अगदी हाताजवळ असते. कुणाला धक्का बसलाच तर त्याला हाताने धरू नका. आधी पुरवठा बंद करा. आणि हे काम शाळेतल्या मुलांकडून करून घेऊ नका, कितीही उत्साह असला तरी.

झेंडा केवढा, त्यावर खांब केवढा

पुष्कळदा आधी खांब येतो आणि मग त्याला शोभेल असा झेंडा शोधला जातो. उलट केलं तर पैसे वाचतात.

राष्ट्रध्वजाची लांबी आणि रुंदी यांचं प्रमाण ३:२ असतं. भारतीय ध्वजसंहितेत नऊ आकार दिलेले आहेत. सर्वांत मोठा ६३०० × ४२०० मिलिमीटर आणि सर्वांत लहान १५० × १०० मिलिमीटर, म्हणजे टेबलावर ठेवायचा. खांबासाठी उपयोगी पडतात ते मधले.

- ९०० × ६०० मिमी (साधारण ३ × २ फूट): घर, दुकान, लहान अंगणवाडी. खांब ३ ते ३.५ मीटर.
- १३५० × ९०० मिमी (साधारण साडेचार × ३ फूट): लहान शाळा, सोसायटी. खांब ४.५ ते ५ मीटर.
- १८०० × १२०० मिमी (साधारण ६ × ४ फूट): मोठी शाळा, ग्रामपंचायत. खांब ६ ते ७ मीटर.
- २७०० × १८०० मिमी (साधारण ९ × ६ फूट): महाविद्यालय, मोठं मैदान. खांब ९ मीटरच्या आसपास.

खांबाच्या उंचीचा चौथा ते तिसरा हिस्सा एवढी झेंड्याची लांबी असली की दोन्ही एकमेकांना शोभतात. हा कायदा नाही, डोळ्याला पटणारा आणि वाऱ्याला झेपणारा अंदाज आहे.

वारा इथे महत्त्वाचा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५ (भाग ३) आहे. त्यात शेजारच्या औरंगाबादसाठी, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, मूलभूत वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरला आहे. ताशी सुमारे १४० किलोमीटर. रोज असा वारा नसतो, पण मे महिन्यातल्या वळवाच्या पावसाआधी जो सुसाट वारा सुटतो त्याचा अनुभव परभणीकरांना आहेच.

आणि एक बदल फार थोड्या लोकांच्या लक्षात आला आहे. पूर्वी झेंडा सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच फडकवायचा असे. जुलै २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर नागरिकांना तो उघड्यावर किंवा घरावर दिवसरात्र ठेवता येतो. जो खांब वर्षातून चार सकाळी झेंडा पेलायचा, त्याच्यावर आता बारा महिने चोवीस तास झेंडा असू शकतो. जुना खांब या कामासाठी केलेला नसतो.

पाइप कोणता घ्यायचा?

बाजारात मुख्यतः पाच पर्याय मिळतात.

*बांबू:* एका दिवसाच्या कार्यक्रमाला आणि लहान झेंड्याला चालतो. पावसाळाभर जमिनीत पुरून ठेवला तर बुडाशी कुजतो. ओला बांबू विजेच्या बाबतीत सुरक्षित नसतो.

*साधा लोखंडी पाइप (एमएस):* स्वस्त, कुठेही वेल्ड होतो. रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट दर दोन-तीन वर्षांनी लावावा लागतो. पैसे वाचवायला हा घ्यायचा आणि नंतर रंगाकडे बघायचं नाही, अशी गत होते.

*जीआय पाइप:* जस्ताचा थर दिलेला. परभणीसारख्या समुद्रापासून दूर, कोरड्या हवेच्या भागात शाळा-ग्रामपंचायतीसाठी हाच व्यवहार्य पर्याय आहे. वेल्डिंग केलेल्या जागी जस्त जळून जातं, तिथे झिंकचा रंग मारायलाच हवा.

*स्टेनलेस स्टील:* दिसायला देखणं. २०२, ३०४ आणि ३१६ असे प्रकार मिळतात. ३१६ समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी आहे, परभणीत त्याची गरज नाही. प्रश्न येतो २०२ आणि ३०४ मध्ये. ३०४ महाग असतं कारण त्यात निकेल जास्त असतं. काही दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात आणि ‘चिकटत नाही, म्हणजे ३०४’ असं सांगतात. २०२ ला सुद्धा चुंबक जवळपास चिकटत नाही, त्यामुळे या परीक्षेने दोघांतला फरक कळत नाही. पाइपवरचा छाप आणि कंपनीचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

*अॅल्युमिनियम:* हलका, गंजत नाही, गच्चीसाठी चांगला. स्थानिक वेल्डिंगवाल्याकडे दुरुस्ती होत नाही ही अडचण.

जीआय घेताना जाडीत फसवणूक होते. आयएस १२३९ प्रमाणे पाइप तीन वर्गांत येतो आणि प्रत्येकावर रंगाचा पट्टा असतो: हलका म्हणजे पिवळा, मध्यम म्हणजे निळा, जड म्हणजे लाल. खांबासाठी किमान निळा पट्टा पाहा. पट्टा पुसलेला असेल तर वजन करा. सहा मीटरच्या पूर्ण पाइपची वजनं साधारण अशी भरतात:

- ५० मिमी हलका (पिवळा): सुमारे २४ किलो
- ५० मिमी मध्यम (निळा): सुमारे ३० किलो
- ६५ मिमी मध्यम: सुमारे ३९ किलो
- ८० मिमी मध्यम: सुमारे ५० किलो

काटा खोटं बोलत नाही. तीस किलोच्या जागी चोवीस भरले, तर मध्यमच्या नावाखाली हलका पाइप दिला जातोय.

सगळा खांब एकाच जाडीचा घ्यायचा का? नको. वाऱ्याचा सर्वांत जास्त ताण बुडाशी येतो, टोकाशी कमी. म्हणून सहा मीटरच्या खांबात खालचे तीन मीटर ८० मिमी आणि वरचे तीन मीटर ५० मिमी अशी पायरी ठेवली तर टोक हलकं राहतं आणि बूड भक्कम होतं. ६ × ४ फुटांचा झेंडा लावायचा आणि खांब खालपासून वरपर्यंत ५० मिमीचाच, हे वादळी वाऱ्यात धोक्याचं आहे. जोडावर वरचा पाइप खालच्यात किमान ३० सेंटिमीटर आत जायला हवा. नुसती तोंडाला तोंड लावून वेल्डिंग केली तर पहिला तडा तिथेच जातो.

काळ्या मातीत पाया कसा घ्यायचा?

खर्च वाचवायचा असेल तर कुठेही वाचवा, इथे नको.

दख्खनच्या काळ्या पाषाणापासून तयार झालेल्या या मातीत एक विशिष्ट चिकणमाती असते. तिचे सूक्ष्म थर पाणी शोषून एकमेकांपासून दूर सरकतात आणि वाळल्यावर जवळ येतात. माती फुगते आणि आकसते ती यामुळे. कापसाला, सोयाबीनला ही माती ओल धरून ठेवते म्हणून चांगली. बांधकामाला त्याच गुणामुळे अवघड. अशा जमिनीत दोन फूट खड्डा करून, पाइप पुरून, भोवती सिमेंट ओतलं की काय होतं? उन्हाळ्यात सिमेंटच्या गठ्ठ्याभोवती फट पडते. पावसाळ्यात एका बाजूने पाणी जास्त शिरलं तर ती बाजू जास्त फुगते आणि गठ्ठा तिरका ढकलला जातो. खांब कलतो.

जिल्ह्यात सगळीकडे परिस्थिती सारखी नाही. जिंतूरकडच्या डोंगराळ भागात थोडं खणलं की मुरूम लागतो. गोदावरीकाठच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतल्या सखल जमिनींत काळ्या मातीचा थर बराच खोल असू शकतो. गावातल्या विहिरी खोदणाऱ्या माणसाला किंवा शेजारचं घर बांधणाऱ्या गवंड्याला विचारलं तर मुरूम किती खाली आहे ते तो लगेच सांगतो.

सहा मीटरच्या खांबासाठी साधारण कृती अशी:

१. खड्डा किमान दीड मीटर खोल आणि ९० सेंटिमीटर रुंद घ्या. मुरूम वर लागला तरी खोली फार कमी करू नका. काळी माती खोल असेल तर शक्य तेवढं मुरमापर्यंत जा.

२. तळाला १५ सेंटिमीटर खडी-मुरूम टाकून ठोकून घ्या.

३. मधोमध ६० सेंटिमीटर चौरस सिमेंट काँक्रीटचा खांब घ्या, आत सळईचा पिंजरा. प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी.

४. काँक्रीट आणि मूळ जमीन यांच्यामधल्या फटीत खणून काढलेली काळी माती परत भरू नका. तिथे मुरूम थराथराने भरून, पाणी मारून ठोकून घ्या. मुरूम फुगत नाही, त्यामुळे मातीचा ढकला थेट काँक्रीटवर येत नाही.

५. काँक्रीटमध्ये चार बोल्ट उभे सोडा (साधारण २० मिमी जाडीचे, खाली वाकवलेले) आणि त्यांच्यावर खांबाची बेसप्लेट नटांनी बसवा. पुढे खांब थोडा कलला तरी नट सैल-घट्ट करून सरळ करता येतो. पाइप थेट पुरला असेल तर ही सोय राहत नाही, शिवाय तो जमिनीच्या रेषेशी गंजतो.

६. चौथऱ्याचा माथा जमिनीपासून वीस-तीस सेंटिमीटर वर आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. पावसाचं पाणी बुडाशी साचता कामा नये. चौथऱ्याभोवती फुलझाडं लावून रोज पाणी घालण्याची हौसही टाळा. एकाच बाजूची माती ओली राहते.

७. खांब उभा करताना दोन बाजूंनी ओळंबा लावा. एका बाजूने सरळ दिसणारा खांब दुसऱ्या बाजूने कललेला असू शकतो.

सात-आठ मीटरच्या वरचा खांब असेल किंवा काळी माती फार खोल असेल, तर पायाचं डिझाइन स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्या. अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या पाइलचा पाया वापरतात. तो अंदाजाने करायचा नसतो.

काम कधी करायचं?

बहुतेक ठिकाणी खांबाची आठवण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येते. त्या वेळी खड्ड्यात पाणी भरतं, कडा ढासळतात, आणि काँक्रीटला मुरायला वेळ मिळत नाही. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. १२ ऑगस्टला ओतलेल्या पायावर १५ ऑगस्टला झेंडा चढवणं म्हणजे कच्च्या पायावर खांब उभा करणं.

सर्वांत चांगला काळ मार्च ते मे. खड्डा कोरडा असतो, मुरूम कुठे लागतो ते स्पष्ट दिसतं, पहिल्या पावसाआधी पाया पक्का होतो. उन्हाळी सुट्टी असल्याने शाळेच्या मैदानात मुलंही नसतात. फक्त उन्हामुळे काँक्रीट लवकर सुकतं, म्हणून त्यावर ओलं पोतं टाकून पाणी मारत राहावं लागतं.

दोरी, कप्पी आणि गाठ

ऐन कार्यक्रमात फजिती होते ती इथे. राष्ट्रगीतासाठी सगळे उभे, आणि झेंडा वर अडकलेला.

कप्पी पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. तिची खाच दोरीपेक्षा थोडी रुंद हवी, पण चाक आणि कडा यांच्यात दोरी घसरून अडकेल एवढी फट नको. सुती दोरी पावसात फुगते आणि कप्पीत रुतते. १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर दोन्ही पावसाळ्यातच येतात. ८ मिमीची विणलेली पॉलिस्टर दोरी बरी. सहा मीटरच्या खांबाला जाऊन-येऊन दुहेरी दोरी लागते, म्हणजे १३ ते १४ मीटर घ्यावी. ऊन-पावसाने तंतू सुटायला लागले की ती बदला.

झेंडा वर घडी करून बांधायचा आणि दोरी ओढून उलगडायचा असेल तर गाठ सुरगाठ हवी. घाईत निरगाठ बसली तर कितीही ओढा, ती घट्टच होत जाते. आदल्या दिवशी संध्याकाळी रंगीत तालीम करून घ्यावी, आणि ज्याने गाठ बांधली त्यानेच सकाळी पुन्हा तपासावी.

तरीही अडकलं तर? कुणालाही खांबावर चढवू नका. पाइपचा खांब माणसाचं वजन पेलायला केलेला नसतो. नवीन खांब घेताना थोडा जास्त खर्च करून बिजागरीची बेसप्लेट करून घेतली, तर दोन नट काढून खांब आडवा करता येतो आणि कप्पी जमिनीवर उभं राहून दुरुस्त होते. मात्र आडवा करण्याची दिशा आधीच ठरवा. ती तारेकडे नको.

आणखी एक बारीक गोष्ट. जोडावरचे वेल्डिंगचे दाणे कानशीने घासून गुळगुळीत करा. झेंड्याचं कापड वाऱ्याने त्यावर आपटत राहिलं की तिथूनच फाटायला सुरुवात होते.

गावाला शंभर फुटी खांब हवा का?

गेल्या काही वर्षांत उंच ध्वजस्तंभांची हौस वाढली आहे. कोल्हापुरात १ मे २०१७ ला ३०३ फुटांचा ध्वजस्तंभ उभा राहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये पंजाबातल्या अटारी सीमेवर ३६० फुटांचा खांब उभारला गेला आणि तिथला झेंडा वाऱ्याने पुन्हा पुन्हा फाटल्याच्या बातम्या आल्या.

शंभर फुटी खांबावर साधारण ३० × २० फुटांचा झेंडा लागतो. त्याचं क्षेत्रफळ ६०० चौरस फूट. शाळेतल्या ६ × ४ फुटी झेंड्याचं २४. म्हणजे पंचवीसपट कापड वाऱ्याला तोंड देतं, तेही पाचपट उंचीवर. खांब एकदाच घ्यायचा असतो, पण झेंडे दरवर्षी अनेक लागतात. मोटर, वायर, रात्रीचा प्रकाश, विजेचं बिल आणि वादळाआधी झेंडा उतरवणारा माणूस, हे सगळं कायमचं आहे. फाटका झेंडा फडकत ठेवणं नियमात बसत नाही, त्यामुळे ‘निधी येईल तेव्हा बदलू’ असं म्हणता येत नाही. ज्या ग्रामपंचायतीकडे या नेहमीच्या खर्चाची तरतूद नाही, तिने सहा-सात मीटरचा भक्कम खांब घेणं शहाणपणाचं.

नियम खांबाबद्दल काय सांगतात?

भारतीय ध्वजसंहिता २००२ ही २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. नागरिक, खासगी संस्था आणि शाळा यांना कोणत्याही दिवशी राष्ट्रध्वज फडकवता येतो. उद्योजक नवीन जिंदाल यांच्या खटल्यात २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकवणं हा नागरिकाचा हक्क असल्याचं मान्य केलं. खांबाशी संबंधित मुद्दे असे:

- राष्ट्रध्वजापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने शेजारी दुसरा झेंडा नको. संस्थेचा, उत्सवाचा किंवा इतर कोणताही झेंडा असला तरी हेच.
- एकाच खांबावर राष्ट्रध्वजासोबत दुसरा झेंडा लावता येत नाही.
- खांबाच्या टोकावर किंवा त्याच्या वर फुलं, हार, बोधचिन्ह अशी कुठलीही वस्तू नको. त्यामुळे देणगीदाराचं चिन्ह माथ्यावर बसवण्याचा आग्रह नम्रपणे नाकारा. पाइपात पाणी शिरू नये म्हणून साधी वेल्ड केलेली टोपी पुरते. ध्वजाच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही.
- झेंडा झपाझप वर चढवायचा आणि सावकाश उतरवायचा. जमिनीला किंवा पाण्याला तो लागता कामा नये.
- बाल्कनीतून तिरका दांडा बाहेर काढला असेल तर केशरी पट्टा दांड्याच्या बाहेरच्या टोकाकडे असावा.
- फाटलेला, मळलेला झेंडा लावू नये. तो खासगीत, सन्मानाने, शक्यतो जाळून पूर्णपणे नष्ट करावा.

कापडाबाबत डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचा आणि यंत्रावर बनवलेला ध्वजही चालतो. खादीचाच हवा असेल तर शेजारी नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज बनवते. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान प्रतिबंध कायदा १९७१ नुसार ध्वजाचा अवमान केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

दरपत्रकात काय लिहून घ्यायचं?

‘झेंड्याचा खांब, १ नग, फिटिंगसह’ एवढंच लिहिलेल्या दरपत्रकांची तुलना करता येत नाही. स्वस्त दिसणारा बहुधा पातळ पाइप आणि उथळ खड्डा धरून बसलेला असतो. म्हणून तिन्ही फॅब्रिकेटरना एकच यादी द्या:

- जमिनीवरची उंची, आणि कुठल्या भागात किती मिमी पाइप
- पाइपचा वर्ग (मध्यम किंवा जड) आणि एकूण वजन किलोत
- बेसप्लेटची जाडी, बोल्टची संख्या आणि जाडी, बिजागरी आहे की नाही
- खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, भरावात मुरूम
- कप्पी आणि दोरीचा प्रकार
- रंग किंवा जस्ताचा थर
- एक पावसाळा उलटल्यावर ओळंब्याने तपासून सरळ करून देण्याची हमी

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण काळ्या मातीतल्या पायाची परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते. काही रक्कम तोपर्यंत राखून ठेवता आली तर उत्तम. खड्डा भरण्याआधी त्यात टेप धरून फोटो काढा. एकदा काँक्रीट ओतलं की खोली कुणालाच दिसत नाही. राष्ट्रध्वजावर जीएसटी लागत नाही, तो खादीचा असो की पॉलिस्टरचा. खांबावर मात्र लागतो, तेव्हा दर करासह आहे की कराशिवाय ते विचारून घ्या.

जुनाच खांब असेल तर?

नवीन घेण्याआधी दहा मिनिटं जुन्याला द्या. बुडाशी हातोडीने हलके ठोका. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे निघाले तर आतून गंज आहे. खांब हाताने हलवून चौथऱ्याशी फट उघडते का ते पाहा. ओळंबा लावा. कप्पी फिरते का, दोरी विरली का ते बघा. आणि गेल्या काही वर्षांत जवळून नवी वीजवाहिनी गेली आहे का, तेही पाहा. खांब उभारला तेव्हा जागा सुरक्षित होती म्हणून आजही आहे असं नाही. मे-जून आणि परतीच्या पावसात विजा कडाडत असताना धातूच्या खांबाजवळ उभं राहू नये, हे मुलांना सांगून ठेवावं. उघड्या मैदानातल्या उंच खांबाला अर्थिंग करून घेतलेलं बरं.

ही तपासणी वर्षातून दोनदा पुरते: एकदा एप्रिलमध्ये, १ मेच्या आधी, आणि एकदा जुलैच्या शेवटी. एप्रिलमध्ये माती आकसलेली असते, जुलैमध्ये फुगलेली. दोन्ही वेळा ओळंबा सरळ उतरला, तर त्या वर्षीची चारही ध्वजारोहणं निर्धास्तपणे करता येतील.